नटाच्या पारितोषिकाचे भाकीत

रेवसपासून श्रीवर्धनापर्यंतच्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ सांगण्यास पंचांगाखेरीज दुसरे साधन लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस बाराच्या आसपास. घड्याळाशी ताडून पाहिले तर थोडेफार मागेपुढे होते. परंतु अलिबागच्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यात पायी गेलेल्या मनुष्याने परत केव्हा फिरावे, हे कळण्यास एवढा हिशेब पुरतो. त्याच कोळ्याला उद्या जाळ्यात पापलेट किती पडतील असे विचारले, तर तो उत्तर देत नाही; फार तर हसतो. भरती चंद्राच्या आज्ञेत वागते आणि मासळी कोणाच्याच आज्ञेत वागत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बोलपटांतील अभिनयासाठी जी मोठी पारितोषिके दिली जातात, त्यांची भाकिते करणारांना हा भेद नेहमीच ठाऊक असतो असे दिसत नाही. पारितोषिकांचा हंगाम आला की वृत्तपत्रांतून याद्या छापून येतात, जाणकार आपापली पाच नावे सांगतात, आणि घरोघर जेवणाच्या पानावर पैजा लागतात. ज्याची नावे जुळतात तो स्वतःस रसिक समजू लागतो, व ज्याची जुळत नाहीत तो परीक्षकांस पक्षपाती ठरवून मोकळा होतो. दोघांचेही अनुमान बहुधा चुकीचे असते. कारण नामांकनाचे भाकीत हे अभिनयाविषयीचे भाकीत नसतेच मुळी. ते निवडणाऱ्या मंडळींविषयीचे भाकीत असते. कोण निवडतो, किती जण निवडतात, कोणत्या नियमाने निवडतात, आणि त्यांच्यापुढे कोणते बोलपट येतात, एवढ्या चार गोष्टी ज्याला माहीत आहेत त्याने एकही बोलपट पाहिला नसला तरी तो पुष्कळदा बरोबर येतो. हे ऐकण्यास जरा विपरीत वाटेल, पण ते खरे आहे.

रायगडच्या किनाऱ्याला या विषयात थोडेसे घरगुती अगत्यही आहे. १९५१ सालच्या १ जानेवारीस मुरूड-जंजिरा येथे जन्मलेल्या नाना पाटेकरांनी या पारितोषिकांचे जवळजवळ सर्व प्रकार पाहिलेले आहेत. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ साली विलीन झाले होते, त्यामुळे त्या वेळी मुरूड कुलाबा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. पाटेकरांच्या पदरी राष्ट्रीय पारितोषिके तीन पडली, आणि त्या तिहींचा इतिहास पाहिला तर भाकीत कोठे साधते व कोठे फसते हे जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने होणार नाही. त्याकडे वळण्यापूर्वी मात्र निवडीच्या रीती पाहणे अवश्य आहे.

नामांकन आणि पारितोषिक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर अनेकांतून चार-पाच जणांस बाजूस काढावयाचे, व दुसऱ्या पायरीवर त्यांतून एक. पुष्कळ ठिकाणी या दोन पायऱ्यांवरील निवडणारे वेगवेगळे असतात, नियमही वेगळे असतात. आणि काही ठिकाणी पहिली पायरी लोकांना दाखविलीच जात नाही. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांच्या पहिल्याच समारंभात, म्हणजे १९२९ सालच्या मे महिन्यात, भाकिताला जागाच नव्हती. कारण निकाल सुमारे तीन महिने आधीच जाहीर करून टाकलेला होता. एमिल यानिंग्ज हा जर्मन नट पहिला मानकरी. लोक जेवावयास आले, पारितोषिके वाटली गेली, आणि घरी गेले. उत्कंठा ही पुढे मुद्दाम निर्माण करण्यात आलेली वस्तू आहे. काही वर्षे वृत्तपत्रांस निकाल आधी कळवीत असत, तो ठराविक वेळेपर्यंत न छापण्याच्या बोलीवर. १९४० साली लॉस एंजेलिसच्या एका दैनिकाने तो समारंभापूर्वीच छापून टाकला, आणि दुसऱ्या वर्षापासून मोहोरबंद पाकिटे आली. आज ज्या पाकिटाकडे कोट्यवधी लोक डोळे लावून बसतात, त्याचा जन्म असा एका फुटलेल्या गुपितातून झालेला आहे.

हिंदुस्थानात फिल्मफेअर मासिकाची पारितोषिके १९५४ साली मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात प्रथम वाटली गेली. त्या वर्षी सारी मिळून पारितोषिके पाचच होती. नटाचे दिलीपकुमार यांस ‘दाग’साठी, नटीचे मीनाकुमारी यांस ‘बैजू बावरा’साठी. कौल वाचकांनी दिलेला होता. ज्या निवडीत निवडणारे हजारोंनी असतात तेथे एकेकाची लहर दुसऱ्याच्या लहरीने कापली जाते, आणि शेवटी जे उरते ते लोकमत. लोकमताची दिशा चित्रपटगृहाबाहेरच्या गर्दीवरून, रस्त्यावर गुणगुणल्या जाणाऱ्या गाण्यांवरून, बायकांच्या बोलण्यावरून कळते. शोभना समर्थ यांची कन्या नूतन यांस त्या पारितोषिकांत श्रेष्ठ नटीचा मान पाच वेळा मिळाला. त्यांतील पहिला बोलपट ‘सीमा’ १९५५ चा, आणि पाचवा ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ १९७८ चा. म्हणजे मध्ये तेवीस वर्षे गेली. नायिकेस पंचविशीनंतर विश्रांती देणाऱ्या धंद्यात चाळिशी उलटलेल्या स्त्रीचे नाव पुन्हा पहिले येते, याचा अर्थ निवडणाऱ्यांची स्मृती लांब असते असा घ्यावयाचा. भाकीत करणाराला ही गोष्ट फार उपयोगी आहे.

आता ऑस्करच्या नामांकनाची रीत. ही जरा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळशी चुकीची भाकिते येथेच जन्मतात. अभिनयाची नामांकने फक्त नट-नटींच्या शाखेतील सभासद ठरवितात. ते हजाराहून अधिक आहेत. दिग्दर्शक, लेखक, छायालेखक यांस त्यांत मत नसते. ते दुसऱ्या पायरीवर, अंतिम निवडीच्या वेळी येतात. मत देणारा नट आपल्या पसंतीची पाच नावे क्रमाने लिहितो, पहिली पसंती, दुसरी पसंती अशी. येथवर सोपे आहे. मोजणी मात्र अशी नसते की ज्याचे नाव अधिक कागदांवर आले तो निवडला गेला.

असे समजा की अलिबागेतील एखाद्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात साठ सभासद जमले आहेत व त्यांना पाच नट निवडावयाचे आहेत. जागा पाच, त्यांत एक मिळविला की सहा. साठास सहाने भागिले की दहा. त्यात एक मिळविला की अकरा. हा अकरा मतांचा वाटा ज्याला लाभला तो निवडला गेला. अकराच का? पाच जणांनी अकरा-अकरा मते घेतली की पंचावन्न संपली, उरली पाच, सहाव्याला अकरा मिळणे शक्य नाही. गणित एवढेच. आता पहिल्या पसंतीची मते मोजली, तेव्हा क या नटास बारा, ख व ग यांस प्रत्येकी अकरा, घ यास दहा, च यास नऊ, छ यास पाच, आणि ज यास दोन मिळाली. क, ख, ग निवडले गेले. राहिलेल्यांत सर्वांत खाली ज आहे, म्हणून तो बाद. त्याचे दोन कागद त्यांवरील पुढच्या पसंतीकडे जातात. एक घ कडे गेला, त्याचे अकरा भरले. दुसरा च कडे गेला, त्याचे दहा झाले. मग छ बाद, आणि त्याच्या कागदांच्या बळावर च आत येतो. अकरापेक्षा फार अधिक मते पडली तर जादा मते कशी वाटावयाची याचे पोटनियम आहेत, ते येथे सोडून दिले आहेत.

यात मौज कोठे आहे ती पाहावी. बाद झालेल्या ज या नटाचे नाव, समजा, आणखी चाळीस जणांनी तिसऱ्या क्रमांकावर लिहिले होते. दिवाणखान्यात बसलेल्या मंडळींपैकी दोन-तृतीयांशांस तो चांगला वाटत होता. पण ते चाळीस तिसरे क्रमांक कोणी वाचलेच नाहीत. वाचण्याची पाळीच आली नाही. याच्या उलट ग हा नट अकरा जणांना जीव की प्राण वाटतो आणि उरलेल्या एकूणपन्नासांना तो सहन होत नाही असे असले, तरी ग सन्मानाने आत येतो. तेव्हा ‘सर्वांना आवडलेले काम’ हे नामांकनाचे लक्षण नव्हे. थोड्यांना अतिशय आवडलेले काम हे त्याचे लक्षण आहे. जाणता भाकीतकार कोणाविषयी चांगले बोलले जाते हे ऐकत बसत नाही. कोणाविषयी माणसे भांडतात हे तो ऐकतो.

या रीतीवर माणसांचा विश्वास बसण्यास थोडा काळ लागला, हेही सांगितले पाहिजे. १९३४ सालच्या बोलपटांसाठी नामांकने निघाली तेव्हा बेटी डेव्हिस या नटीचे नाव वगळलेले पाहून एवढा गहजब झाला की मतपत्रिकेवर छापील नावांव्यतिरिक्त नाव हाताने लिहिण्याची मुभा द्यावी लागली. तरीही पारितोषिक क्लॉडेट कोल्बर्ट यांसच गेले. पुढच्या वर्षी मोजणीचे काम प्राइस वॉटरहाउस या हिशेबनिसांच्या पेढीकडे सोपविण्यात आले, आणि त्याच वर्षी डेव्हिस यांस दुसऱ्या एका बोलपटासाठी पारितोषिक मिळाले. तो बोलपट आधीच्यापेक्षा श्रेष्ठ होता असे फारसे कोणी म्हणत नाही. हुकलेल्या मानाची भरपाई करण्याची ही वृत्ती निवडणाऱ्यांत वारंवार दिसते. गेल्या वर्षी कोणावर अन्याय झाला अशी हळहळ आहे, याची चौकशी केल्यावाचून यंदाची यादी लिहू नये.

आणखी एक साधन म्हणजे आधीची पारितोषिके. अमेरिकेत नटांच्या संघटनेची स्वतःची पारितोषिके १९९५ पासून दिली जातात. संघटनेचे काही सभासद ऑस्करच्या नटशाखेतही असतात. म्हणून त्यांची यादी आली की ऑस्करच्या यादीचा बराचसा अंदाज बांधता येतो. हे ज्योतिष नव्हे. तेच हात दोनदा वर होत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जेथे हात वेगळे आहेत तेथे हे साधन तत्क्षणी निकामी होते. याचे उदाहरण मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या ‘गांधी’ या बोलपटात कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. इंग्लंडच्या बाफ्टा संस्थेने साहाय्यक नटीचे पारितोषिक त्यांस मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून दिले. त्याच बोलपटास अमेरिकेत अकरा नामांकने व आठ पारितोषिके मिळाली. नायकाचे मिळाले, दिग्दर्शनाचे मिळाले, वेशभूषेचे कोल्हापूरच्या भानू अथय्या यांस मिळाले. परंतु कस्तुरबांचे नाव नामांकनांत नव्हते. काम तेच, फीत तीच, साल तेच. समुद्राच्या अलीकडच्या काठावर बसलेल्यांना जे दिसले ते पलीकडच्या काठावर बसलेल्यांना पहिल्या पाच जणींत धरण्याजोगे वाटले नाही. येथे कोणी डोळस आणि कोणी आंधळा असे म्हणण्याचे कारण नाही. दोन वेगळ्या मंडळ्या होत्या.

येथून खात्याच्या प्रश्नाकडे येता येते. नामांकनात नट कोणत्या खात्यात धरला जाईल, नायकाच्या की साहाय्यकाच्या, यावर अर्धे भाकीत अवलंबून असते. १९४४ सालच्या एका अमेरिकन बोलपटातील एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झगेराल्ड यांस दोन्ही खात्यांत नामांकन मिळाले, मग नियम बदलावा लागला. आपल्याकडील राष्ट्रीय पारितोषिकांत साहाय्यक नटाचे खाते १९८४ सालच्या बोलपटांपासून सुरू झाले. त्यापूर्वी दुय्यम म्हणून गणल्या गेलेल्या भूमिकेला अभिनयाच्या मानाची वाट फारच अरुंद होती. खलनायकास तर जवळजवळ बंदच. १९८९ साली विधु विनोद चोप्रा यांचा ‘परिंदा’ आला. त्यात नायक दोन, जॅकी श्रॉफ व अनिल कपूर. नायिका माधुरी दीक्षित. आणि मुंबईतील गुंडांचा म्होरक्या अण्णा, म्हणजे नाना पाटेकर. बोलपट पाहून घरी आलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर जो चेहरा राहतो तो अण्णाचा. फिल्मफेअरने नायकाचे पारितोषिक जॅकी श्रॉफ यांस दिले आणि पाटेकरांस साहाय्यकाचे. राष्ट्रीय परीक्षकांनीही पाटेकरांस साहाय्यकाचेच दिले. त्या वर्षी नायकाच्या खात्यात राष्ट्रीय मान मामूटी यांस होता, दोन मलयाळम बोलपटांसाठी. पाटेकरांचे नाव नायकाच्या खात्यात घालून ज्याने पैज लावली असेल त्याची अभिनयाची पारख अचूक असूनही तो पैज हरला असता. पुढे १९९२ च्या ‘अंगार’साठी फिल्मफेअरने त्यांस खलनायकाचे पारितोषिक दिले. माणूस एकच; खाती तीन. तिसरे खाते अजून यावयाचे होते.

ते १९९४ सालच्या ‘क्रांतिवीर’ने आणले. हा मेहुलकुमार यांचा बोलपट. त्याची भाषा चढी, संवाद टाळीचे, आणि कथा बाजारात चालणारी. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ या बोलपटाने धंद्याचे सारे विक्रम मोडले होते आणि फिल्मफेअरचे उत्कृष्ट बोलपटाचे पारितोषिकही त्यालाच मिळाले. गर्दीच्या मागे जाणाऱ्या भाकीतकाराने नटाच्या पारितोषिकासाठीही त्याच्याच नायकाचे नाव लिहिणे स्वाभाविक होते. पण त्या खात्यात निवड झाली पाटेकरांची. म्हणजे हजारोंच्या निवडीतही बोलपटाची लाट नटाला आपोआप किनाऱ्याला आणीत नाही. आणि राष्ट्रीय परीक्षकांनी तर अधिकच चकविले. अभिनयाचा राष्ट्रीय मान म्हणजे संथ, अल्पखर्ची, प्रादेशिक बोलपटांचा, असा एक समज रूढ आहे. त्याला आधारही होता: १९९२ साली ‘ताहादेर कथा’साठी मिथुन चक्रवर्ती, १९९३ साली पुन्हा मामूटी. असे असता १९९४ साठी मुरूडच्या या नटाचे नाव, आणि तेही ‘क्रांतिवीर’सारख्या बोलपटासाठी, निघाले. ‘अग्निसाक्षी’साठी १९९६ चे साहाय्यकाचे राष्ट्रीय पारितोषिक हे तिसरे.

राष्ट्रीय पारितोषिकांचे भाकीत असे का फसते, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. ही पारितोषिके १९५४ साली सुरू झाली. पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. नट-नटींचा स्वतंत्र मान मात्र १९६७ सालच्या बोलपटांपासून आला. पहिली जोडी उत्तमकुमार व नर्गिस. या पारितोषिकांत नामांकने प्रसिद्ध होतच नाहीत. ज्या बोलपटास त्या वर्षात प्रमाणपत्र मिळाले आहे व जो निर्मात्याने रीतसर पाठविला आहे, तोच परीक्षकांपुढे येतो. अलीकडच्या काळात प्रथम पाच प्रादेशिक मंडळे बोलपट पाहून शिफारस करतात, व नंतर केंद्रीय मंडळ निर्णय देते. मराठी बोलपट पश्चिमेच्या मंडळाकडे जातो. मंडळातील माणसे मोजकी असतात, आणि मुख्य म्हणजे ती दरवर्षी नव्याने नेमली जातात. गेल्या वर्षी कोणावर अन्याय झाला याची खंत यंदाच्या मंडळाला असण्याचे कारण नाही. तो अन्याय त्यांनी केलेलाच नसतो. नूतन यांच्या बाबतीत जी लांब स्मृती आपण पाहिली ती येथे नाही. दहा-बारा माणसे एका खोलीत बसून बोलतात. त्यांतील एकाच्या आग्रहाने पारडे फिरू शकते, आणि त्या बोलण्याचा वृत्तांत बाहेर येत नाही. हजारो मतांचा हिशेब भरतीसारखा मांडता येतो. दहा माणसांचे बोलणे जाळ्यातल्या मासळीसारखे आहे.

तरीसुद्धा मराठी घरांस या राष्ट्रीय निवडीविषयी तक्रार करण्याचे कारण थोडे आहे. स्मिता पाटील यांस ‘भूमिका’ व ‘चक्र’ यांसाठी दोनदा, अतुल कुलकर्णी यांस ‘हे राम’ व ‘चांदनी बार’साठी साहाय्यकाचे दोनदा, गिरीश कुलकर्णी यांस २०११ च्या ‘देऊळ’साठी, आणि लगेच पुढच्या वर्षी विक्रम गोखले यांस ‘अनुमती’साठी इरफान खान यांच्यासह विभागून, व उषा जाधव यांस ‘धग’साठी. लागोपाठ दोन वर्षे नटाचा मान मराठी बोलपटाकडे येईल असे २०१० साली कोणी लिहून ठेवले असते तर त्याला घरच्यांनीही वेड्यात काढले असते. या बोलपटांपैकी ‘धग’ हा किती जणांनी चित्रपटगृहात पाहिला असेल याचा विचार करावा. पण परीक्षकांनी तो पाहिला होता, आणि भाकिताच्या दृष्टीने तेवढेच पुरेसे असते.

आणि तरीही एक हुरहूर राहतेच. २००३ सालच्या बोलपटांत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळाले, अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर तब्बल अर्धशतकाने. कोकणातील एका खेड्यातला आजोबा आपल्या नातवाला शहरातील डॉक्टराकडे घेऊन येतो. मुलाचे डोळे काढल्यावाचून त्याचा जीव वाचणार नाही हे त्याला कळते. आणि ते त्या लहानग्याला सांगावयाचे कसे, एवढीच कथा. आजारी माणसाला घेऊन होडीने किंवा एस.टी.ने मुंबई गाठणे हा या किनाऱ्यावरील घराघराचा अनुभव आहे. रुग्णालयाच्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसलेला म्हातारा कोणी पाहिलेला नाही असे येथे घर नाही. तो आजोबा अरुण नलावडे यांनी उभा केला. नातवाची भूमिका करणारा अश्विन चितळे याला बालनटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नटाचे पारितोषिक मात्र त्या वर्षी ‘पितामगन’ या तमिळ बोलपटासाठी विक्रम यांस गेले. विक्रम यांचे काम लहान होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो बोलपट येथे फार थोड्यांनी पाहिला होता, एवढेच. किनाऱ्यावरच्या ज्या घरांनी नलावडे यांचे नाव कागदावर लिहून ठेवले असेल त्यांनी आपल्या मनाचा कौल लिहिला होता. परीक्षकांपुढे देशातील सर्व भाषांचा ढीग होता, आणि या घरांपुढे एकच म्हातारा. भाकीत चुकण्याचे हे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुःखाचे आहे. जे आपण पाहिले नाही त्याच्याशी आपण पाहिलेल्याची तुलना करता येत नाही.

‘श्वास’ पुढे ऑस्करच्या परभाषीय बोलपटांच्या खात्यासाठी हिंदुस्थानातर्फे पाठविण्यात आला. तेथे तो नुसता पाठवून भागत नाही. मत देणाऱ्यांनी तो पाहावा यासाठी खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, आणि त्याला जो पैसा लागतो तो अल्पखर्ची मराठी बोलपटाजवळ नसतो. म्हणून महाराष्ट्रात लोकांकडून वर्गणी जमविण्यात आली. नामांकन मिळाले नाही. पण निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काम नेणे हाही निवडीचाच एक भाग आहे, ही गोष्ट त्या वर्षी वर्गणी देणाऱ्या पुष्कळांना प्रथमच कळली. अमेरिकेतील मोठ्या कंपन्या हा खर्च भांडवलातच धरतात. कोणत्या नटाच्या नावाने किती जाहिराती येत आहेत, हे पाहणारा भाकीतकार रसिक नसेल, पण तो फारसा चुकत नाही.

घरच्या घरी हा खेळ खेळावयाचाच असेल तर तो महाराष्ट्र शासनाच्या चित्रपट पारितोषिकांवर खेळावा. तेथे प्रथम नामांकने जाहीर होतात आणि मग अंतिम निकाल. म्हणजे आपली यादी दोनदा ताडून पाहता येते. शिवाय बोलपट मराठी असल्याने त्यांतील निदान काही तरी पाहिलेले असतात. यादी निकालापूर्वी लिहून, तारीख घालून, पाकिटात ठेवावी. कारण ‘मी म्हटलेच होते’ असे म्हणण्याची सवय मनुष्यमात्रास आहे, आणि ती कागदावाचून मोडत नाही. प्रत्येक नावापुढे आपण तो बोलपट पाहिला आहे की नाही याची खूण करावी. न पाहिलेल्या बोलपटांची खूणच बहुधा चुकीचा पत्ता देते.

राष्ट्रीय पारितोषिकांची पैज ज्यांना सोडवत नाही त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथे एक नाव बरोबर येऊनही हिशेब पुरा होत नाही. २०२३ सालच्या बोलपटांचे निकाल १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले, तेव्हा नटाचा मान शाहरुख खान व विक्रांत मेस्सी यांच्यात विभागला गेला. एक गर्दीचा बोलपट आणि एक परीक्षेस बसलेल्या गरीब मुलाचा. दोघांपैकी एकाचे नाव लिहिलेल्या घरांत त्या रात्री पैज जिंकली की हरली यावरून बराच वेळ वाद चालला असावा. त्याच यादीत उत्कृष्ट मराठी बोलपट म्हणून जे नाव होते ते १९५४ सालचे श्रोतेही ओळखतील: सुजय डहाके यांची नवी ‘श्यामची आई’.